वणव्याच्या डोंगरात घर बांधताना: सातारा जिल्ह्यातील बांधकाम परवानगीची वाट

जावळी, पाटण आणि सातारा तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत नवे घर बांधणारा माणूस बहुतेक वेळा त्या गावात राहत नसतो. तो मुंबईत माथाडी कामगार म्हणून किंवा एखाद्या खासगी नोकरीत आयुष्य काढतो आणि निवृत्तीच्या आधी गावच्या वावरात दोन खोल्यांचे का होईना, पण आपले घर असावे म्हणून पै-पै साठवतो. हे घर गणपतीत, यात्रेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत गजबजते. उरलेल्या दिवसांत त्याला कुलूप असते. फेब्रुवारी ते एप्रिल हे वणव्याचे महिने नेमके त्या कुलूपबंद दिवसांतच येतात.

परवानाधारक अभियंता म्हणून मी अशा घरांचे नकाशे काढून ते मंजुरीसाठी दाखल करतो. त्यांतील एका घराची हकीकत सांगितल्याशिवाय हा लेख कशासाठी लिहिला हे स्पष्ट होणार नाही. मेढ्याच्या वरच्या अंगाला, गवताळ उताराच्या माथ्यावर ते घर होते. कागदपत्रे चोख होती, नकाशा मंजूर होता, भोगवटा प्रमाणपत्रही (बांधकाम पूर्ण झाल्यावर घर वापरण्याची परवानगी) हाती आले होते. मार्चमधील एका दुपारी खालच्या पाणंदीकडून पेटलेले गवत वर चढत आले. आगीची धग भिंतीपर्यंत पोहोचलीच नाही. गावकऱ्यांनी ओल्या फांद्यांनी झोडपून ती शे-दीडशे फुटांवर विझवली. मात्र वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या कौलांच्या फटींतून आत शिरल्या, माळ्यावर रचून ठेवलेल्या सरपणाने पेट घेतला आणि तासाभरात छप्पर खाली बसले. पाण्याचा बंब खालच्या वळणावर अडकून पडला होता. तो रस्ता मी नकाशात दाखवला होता, तो नियमात बसत होता, आणि त्यावरून बंब वळू शकेल का, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

घरबांधणीच्या परवानगीच्या अर्जात वणव्याविषयी एकही रकाना नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा मुख्यतः उंच, गर्दीच्या आणि व्यावसायिक इमारतींचा विचार करतो. एक-दोन मजली राहत्या घरासाठी अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला सहसा मागितला जात नाही. म्हणून वणव्याचा विचार अर्जदारानेच करायचा असतो आणि तो नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी करायचा असतो. घराची जागा, रस्त्याचे वळण, टाकीचे ठिकाण आणि छपराचा प्रकार एकदा मंजूर नकाशात बसला की बदल करण्यासाठी सुधारित मंजुरी घ्यावी लागते, आणि जोते भरल्यावर तर घर जागचे हलत नाही. पुढील सर्व मजकूर हाच क्रम धरून लिहिला आहे.

परवानगी कोणाकडे मागायची

पहिली चूक इथेच होते. गावात घर बांधायचे म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिला, घरपट्टी लागली, नमुना आठच्या उताऱ्यावर नाव आले, आता सारे झाले असे अनेकजण समजतात. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यातील नोंद म्हणजे बांधकामाची परवानगी होत नाही. ग्रामपंचायतीचा परवानगीशी संबंध प्रामुख्याने गावठाणाच्या हद्दीतील बांधकामापुरता येतो. गावठाणाबाहेरच्या गटात, म्हणजे शेतात किंवा माळावर घर बांधायचे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू होतो आणि परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून, नगररचना शाखेच्या तपासणीनंतर मिळते. सातारा, कराड, वाई यांसारख्या नगरपरिषदांच्या हद्दीत नगरपरिषद आणि सांगलीत सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका हे नियोजन प्राधिकरण आहे.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली गोष्ट महाबळेश्वर-पाचगणी परिसराची. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर तालुका आणि त्याला लागून असलेली जावळी तालुक्यातील काही गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभर लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती गिरिस्थान नगरपरिषदांना आणि अशा संवेदनशील क्षेत्रांना लागू नाही. तेथे त्या त्या क्षेत्राचे वेगळे आणि अधिक कडक नियम चालतात. दुसरी गोष्ट नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पाची. या प्रकल्पासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले असून सुरुवातीला सातारा, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील २३५ गावे त्यात घेतली होती. आपले गाव या यादीत असेल तर अर्जाचा मार्ग बदलतो. म्हणून वास्तुविशारदाकडे जाण्याआधी नगररचना कार्यालयातून आपल्या गट क्रमांकाचा झोन दाखला काढावा. त्या एका कागदावरून जमीन रहिवास विभागात आहे, शेती विभागात आहे की वनीकरण विभागात, आणि नियोजन प्राधिकरण कोण, हे दोन्ही कळते.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यामुळे गावात घरच बांधता येणार नाही, असे मला नेहमी ऐकावे लागते. मार्च २०१४ पासून वेळोवेळी निघालेल्या या मसुद्यांचा, ज्यांतील एक ३१ जुलै २०२४ चा आहे, रोख खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज प्रकल्प आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर आहे. स्वतःच्या कुटुंबासाठी बांधलेले साधे घर त्या मापाच्या जवळपासही जात नाही. अफवेला घाबरून विनापरवाना बांधकाम उरकून घेणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे.

जमिनीचे कागद आणि वनाचा प्रश्न

सातबारा, आठ-अ, फेरफार, गट नकाशा, खरेदीखत आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत, ही कागदपत्रे सर्वांना ठाऊक असतात. त्यांतील अडचणी मात्र डोंगरी गावांत वेगळ्या असतात. सातबारा सामाईक असतो आणि त्यावर आजोबांच्या काळापासूनची पंधरा-वीस नावे असतात. तोंडी वाटणीवर विश्वास ठेवून घर बांधू नये; महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून वाटप करून घ्यावे, किंवा किमान सर्व सहहिस्सेदारांचे नोंदणीकृत संमतीपत्र घ्यावे. कोयना प्रकल्पात विस्थापित झालेल्या कुटुंबांना मिळालेल्या पुनर्वसनाच्या जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग २ च्या असतात. अशा जमिनीच्या हस्तांतरणासाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, हे विकत घेणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावे. शेतजमीन विकत घेण्यासाठी स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि तुकडेबंदी कायद्याच्या (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या) २०२३ च्या सुधारित मर्यादेनुसार प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे आहे. पुढील वर्षांतही या कायद्यात सवलती आल्या आहेत, म्हणून दस्ताच्या दिवशी लागू असलेला नियम दुय्यम निबंधक कार्यालयातून समजून घ्यावा.

अकृषिक, म्हणजे शेतीखेरीज इतर, वापराचे नियमही गेल्या काही वर्षांत बरेच सुलभ झाले आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड ने दिलेली सवलत बहुतेकांना माहीत नसते. अशा जमिनीवर योजनेनुसार रहिवास वापर अनुज्ञेय असेल तर रूपांतर कर व अकृषिक आकारणी भरून जमीन अकृषिक झाली असे मानले जाते. वणव्याच्या दृष्टीनेही गावठाणाजवळची जागा उत्तम, कारण तिथे माणसे असतात, विहीर असते आणि एक बाजू तरी गवताची नसते. दूरच्या टेकाडावरचे सुंदर दृश्य आणि गावठाणाशेजारचा साधा तुकडा यांत निवड करायची असेल तर मी नेहमी दुसऱ्याच्या बाजूने कौल देतो.

वनाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात दडलेला असतो. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार ३० ऑगस्ट १९७५ रोजी अनेक खासगी वनजमिनी राज्य शासनाकडे निहित झाल्या. अशा काही गटांच्या सातबाऱ्यावर ती नोंद वर्षानुवर्षे चढलीच नाही, तर काहींवर ती अस्पष्ट आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यायचा आहे, त्यामुळे मालकी कोणाचीही असली तरी वनाचे स्वरूप असलेल्या जमिनीवर बांधकामासाठी केंद्राची पूर्वमान्यता लागते. ‘वन’, ‘खाजगी वन’, ‘कलम ३५’ (भारतीय वन अधिनियमाचे खासगी वनांविषयीचे कलम) असे शब्द दिसले, किंवा गटाची एक बाजू राखीव वनाला लागून असली, तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडून लेखी दाखला घ्यावा आणि वनहद्दीची मोजणी दोन्ही खात्यांच्या उपस्थितीत करून घ्यावी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पाटण आणि शिराळा तालुक्यांतील त्याच्या जवळच्या गावांत हा दाखला घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकूच नये.

उतार

नकाशातील ज्या एका आकड्यावर मी अलीकडे सर्वाधिक वेळ घालवतो तो उताराचा आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल अशा जागी, बांधकामाला नियम मज्जाव करतो. साध्या भाषेत सांगायचे तर ५० फूट आडव्या अंतरात १० फूट चढ. हे माप कोणालाही घरच्या घरी काढता येते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घेऊन उताराच्या दिशेने ५० फुटांची ओळ धरावी आणि दोन्ही टोकांच्या पातळीतील फरक मोजावा. प्रस्ताव दाखल करताना मोजणीदाराकडून समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा करून घ्यावाच, पण जागा विकत घेण्याआधीच हे साधे माप काढले तर पुढचा मोठा खर्च वाचतो.

हा नियम दरडी आणि निसर्ग यांच्या रक्षणासाठी केलेला आहे, परंतु वणव्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या ठोकताळ्याशी तो विलक्षण जुळतो. चढावर साधारण दर १० अंशांना आगीचा वेग दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते पेटण्याआधीच सुकवून टाकतात. १:५ हा उतार सुमारे ११ अंशांचा आहे. म्हणजे नियमाने परवानगी दिलेल्या अगदी टोकाच्या उतारावरसुद्धा खालून येणारी आग सपाटीवरच्या आगीच्या दुप्पट वेगाने घराकडे येते. मेढ्याचे ते घर नियमात होते, तरीही उताराच्या अगदी ओठावर होते. आता मी घर ओठापासून किमान ३० फूट आत सरकवतो, आणि तेवढी जागा नसेल तर उताराच्या बाजूला सहा-सात फूट उंचीची जांभ्या किंवा काळ्या दगडाची सलग भिंत नकाशात दाखवतो. सज्जा आणि गॅलरी उताराच्या बाजूला लोंबती ठेवू नये. तिच्याखाली धग कोंडते आणि पालाही साचतो.

जळालेला उतार पावसाळ्यात आणखी एक संकट आणतो. गवताची आणि झुडपांची मुळे नष्ट झाली की उघडी माती पहिल्या जोराच्या सरींबरोबर वाहू लागते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मीरगाव येथे अतिवृष्टीत दरडी कोसळल्या, त्या आठवणी या भागात ताज्या आहेत. त्यामुळे घरामागचा डोंगर सरळ उभा कापून सपाटी करण्याऐवजी घरच दोन पातळ्यांवर बसवावे. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या परिसराने भोगलेला आहे, म्हणून संरचना अभियंत्याचा भूकंपरोधक आराखडा हा केवळ फाईलमधला कागद समजू नये.

नकाशात वणव्यासाठी जागा राखणे

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांत घर बांधणाऱ्याला १९७६ च्या किनारपट्टी कायद्यानुसार किनारी विकासाची परवानगी घ्यावी लागते आणि वणवाप्रवण भागात स्वतंत्र बांधकाम नियमांनुसार छप्पर, झरोके, खिडक्या व बाहेरील भिंती यांची तपासणी होते. घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळलेल्या वनस्पती नियंत्रणात ठेवणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. त्यातील पहिले ३० फूट अधिक काटेकोर असतात, आणि २०२० च्या कायद्याने भिंतीलगतच्या पहिल्या ५ फुटांत जळण्याजोगे काहीच नसावे असा वेगळा पट्टा ठरवला. ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात लागलेल्या वणव्यात समुद्राकाठची हजारो बांधकामे जळाली, आणि तिथेही पुष्कळ घरांचा घात वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी केला. समुद्र शेजारी असूनही घरे वाचली नाहीत, हे ऐकून मला मेढ्याची कौले आठवली.

आपल्याकडे १०० फूट मोकळी जागा कोणाकडे असते? दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा साधारण १०४ फूट लांब व तेवढाच रुंद असतो. त्याच्या मधोमध ३० बाय ३० फुटांचे घर ठेवले तर चारही बाजूंना सुमारे ३७ फूट उरतात, म्हणजे ३० फुटांचा पट्टा बरोबर बसतो. पाच गुंठ्यांत मात्र २२ फूटच मिळतात. तिथे उताराकडील बाजू मोठी ठेवून घर वरच्या बाजूला सरकवावे आणि उरलेल्या पट्ट्यासाठी शेजाऱ्याशी लेखी समजूत करावी की दरवर्षी जानेवारीअखेर त्याच्या बांधावरचे गवत आपण स्वखर्चाने कापू. शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत, कारण कापलेली वैरण त्यांनाच मिळते. भिंतीलगतच्या ५ फुटांत फरशी, खडी किंवा मुरूम टाकावा. सरपण, शेणी आणि कडब्याची गंजी यांची जागा ५० फुटांच्या पलीकडे नकाशातच आखून घ्यावी. गाईगुरे ठेवणाऱ्या घरात ती आखली नाही, तर सोयीसाठी गंजी परसदारीच उभी राहते, हा माझा अनुभव आहे.

छपराबाबत माझे मत स्पष्ट आहे. वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या घराला सलग स्लॅब असावा. कौलांचा सोस असेल तर स्लॅबवर कौले बसवावीत. ती दिसतातही छान आणि ठिणगी आत जाऊ शकत नाही. जुन्या पद्धतीचे वासे-रीप आणि मंगलोरी कौले ठेवायचीच असतील तर कौलांखाली सलग पत्रा घालावा आणि वळचणीच्या फटी चुन्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात. झरोक्यांना ३ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावावी. डासांसाठीची नायलॉनची जाळी धगीने क्षणात वितळते. पन्हळी प्लास्टिकऐवजी पत्र्याच्या असाव्यात आणि उताराच्या बाजूच्या खिडक्यांना बाहेरून पत्र्याची झडप असावी, म्हणजे कुलूप लावून जाताना ती ओढून घेता येते.

पोहोच रस्त्याचा पुरावा अर्जात लागतोच. शेतीसाठी तहसीलदारांनी दिलेला बांधावरचा रस्ता घरासाठी पुरेसा ठरेलच असे नाही, त्यामुळे रस्ता ज्याच्या गटातून जातो त्याच्याकडून नोंदणीकृत हक्क लिहून घ्यावा. वणव्यासाठी त्यात तीन गोष्टी जोडाव्यात: किमान १२ फूट मोकळी रुंदी, १५ फूट उंचीपर्यंत फांद्या किंवा तारा नसणे, आणि घराजवळ बंब वळवता येईल एवढी जागा. फाटकाची रुंदीही तेवढीच ठेवावी. खर्च फारसा वाढत नाही, कारण हे सारे आधी ठरवले तर फक्त खांब चार फूट सरकतात.

पाण्यासाठी किमान १०,००० लिटरची टाकी घराच्या वरच्या बाजूला, जमिनीवर, पंपाविना उताराने पाणी येईल अशी घ्यावी, कारण वणव्यात विजेच्या तारा तुटतात किंवा खबरदारी म्हणून वीजपुरवठा बंद केला जातो. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना पावसाचे पाणी साठवण्याची तरतूद नियमानेच करावी लागते, तेव्हा तीच टाकी दोन्ही कामांसाठी आखता येते. तळाशी वेगळी तोटी ठेवावी आणि तिचा जोड जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात विचारून त्यांच्या नळीला बसेल असा घ्यावा.

वीजवाहिनीपासूनचे अंतर नियमावलीत दिलेले आहे: लघुदाब वाहिनीपासून आडवे १.२ मीटर व उभे २.५ मीटर, आणि ११ केव्ही वाहिनीपासून आडवे १.२ मीटर व उभे ३.७ मीटर. ही अंतरे माणसाला विजेचा धक्का बसू नये म्हणून ठरवली आहेत. डोंगरावरच्या वाऱ्यात दोन तारा एकमेकींना घासून ठिणगी खाली गवतात पडते, म्हणून घराकडे येणारी जोडणी भूमिगत केबलने घ्यावी आणि खांबाखालचे गवत काढून टाकावे.

झाडांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. वणव्याच्या नावाखाली सगळी झाडे तोडून टाकणे हा कायद्याचाही भंग आहे आणि शहाणपणाचाही. हिरडा, जांभूळ, आंबा, फणस, अंजन, ऐन यांसारखी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत असून ग्रामीण भागातही त्यांच्या तोडीला परवानगी लागते. नगरपरिषद हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. हिरवे, ओलसर झाड ठिणग्या अडवते. पेटते ते त्याच्याखालचे वाळलेले गवत. जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात, पाला झाडून काढावा आणि छपरावर झुकलेली फांदी तेवढी काढावी.

अर्ज, त्रुटी आणि मुदती

नकाशा तयार झाल्यावरचे काम सोपे आहे. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद बहुतांश ठिकाणी आता ऑनलाइन प्रणालीतून अर्ज दाखल करतो. सोबत वर सांगितलेली कागदपत्रे, स्थळदर्शक नकाशा, १:१०० प्रमाणातील बांधकाम नकाशे आणि संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र असते. लहान भूखंडांसाठी नियमावलीत जोखमीनुसार सुलभ पद्धत दिलेली आहे आणि १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घराला तिचा चांगला लाभ होतो. शेती विभागातील शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर जमीन लागते, हेही विसरू नये.

छाननीनंतर त्रुटीपत्र आले तर घाबरू नये. त्याचे उत्तर मुद्देसूद आणि एकाच वेळी द्यावे. तपासणीसाठी अधिकारी जागेवर येतील त्या दिवशी वणव्यासाठी केलेल्या तरतुदी त्यांना आवर्जून दाखवाव्यात. टाकी, वळणजागा आणि दगडी भिंत मंजूर नकाशात आलेली असली की पुढे कोणी ती अनधिकृत म्हणून काढायला लावू शकत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळालीच असे मानण्याची, तरतूद आहे, परंतु ती नियमांशी सुसंगत बांधकामापुरतीच आहे. मी ती कधी वापरत नाही आणि कोणाला वापरायलाही सांगत नाही, कारण एका अंतराच्या चुकीने सगळे बांधकाम अनधिकृत ठरते. परवानगी नाकारली गेली तर ४० दिवसांत अपील करता येते.

विकास शुल्क भरल्यावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. ते एक वर्ष चालते आणि त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्चाच्या घराला बांधकाम कामगार कल्याणासाठी उपकर द्यावा लागतो. जोते झाल्यावर ते तपासून घ्यावे, कारण उताराच्या ओठापासूनचे अंतर बरोबर आहे की नाही हे त्याच वेळी कळते आणि दुरुस्तीही त्याच वेळी शक्य असते.

काम उन्हाळ्यात चालणार असेल तर मजुरांच्या चुलीची जागा मोकळ्या मुरमावर ठरवून द्यावी, वेल्डिंगच्या वेळी खालचे गवत भिजवून जवळ पाण्याचे पिंप ठेवावे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या साठू देऊ नयेत. जागा साफ करण्यासाठी गवत पेटवण्याचा मोह कंत्राटदाराला हमखास होतो. पेटवले की पुढच्या वर्षी गवत चांगले येते ही समजूतही गावोगाव आहे. राखीव वनाशेजारी अशी आग वनात शिरली तर भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार तो गुन्हा ठरतो. गवत कापूनच काढावे, आणि करारनाम्यात ‘जागेवर आग लावणार नाही’ असे एक वाक्य लिहून घ्यावे.

भोगवटा प्रमाणपत्रानंतर

काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाले की भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे; नमुना आठची नोंद त्यानंतर करावी. विम्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात आणि तिच्यात वणव्यामुळे झालेले नुकसानही येते. पॉलिसीत छपराचा प्रकार आणि घर किती दिवस बंद असते हे खरे लिहावे, नाहीतर दावा अडतो.

वन विभाग दरवर्षी हंगामाआधी वनहद्दीवर जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढतो. आपल्या गटालगत ती केव्हा काढली जाणार हे वनरक्षकाला विचारून त्याच सुमारास आपलेही गवत कापून घ्यावे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून मिळालेल्या आगीच्या सूचना मोबाइलवर मोफत पाठवते. तिच्याकडे नोंदणी केली तर मुंबईत बसूनही गावच्या डोंगरावरची आग कळते. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी, ११२ आणि १०१ हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहावेत. मुंबईला परतण्यापूर्वी पन्हळी झाडाव्यात, माळ्यावरचे सरपण खाली आणावे, झडपा ओढाव्यात, टाकी भरलेली ठेवावी आणि फाटकाची व टाकीच्या तोटीची एक-एक किल्ली गावात कायम राहणाऱ्या भावकीतल्या माणसाकडे द्यावी, कारण बंब येईल तेव्हा फाटक उघडणारा तोच असणार आहे.